कोल्ड बूटला कार्ड गायब, रीबूटला हजर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यातल्या एका संगणकात सिग्नल टिपणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आहे. कार्ड घरचंच, म्हणजे प्रश्नकर्त्याच्या कंपनीतच बनवलेलं, वर झायलिंक्सची आर्टिक्स-७ मालिकेतली १००टी ही एफपीजीए चिप, म्हणजे जिच्यातलं सर्किट नंतर भरता येतं अशी चिप. जुन्या मदरबोर्डावर ते सहा वर्षं विनातक्रार चाललं. गेल्या महिन्यात बोर्ड बदलला आणि त्याच हाताने लिनक्सचा कर्नलही (गाभाही) नवा घातला. तेव्हापासून सकाळी कोल्ड बूट केला, म्हणजे बंद मशीन चालू केलं, की एलएसपीसीआयच्या (पीसीआय उपकरणं दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत कार्ड नसतं. रीबूट केलं की असतं, आणि मग दिवसभर काही त्रास नाही. बूटच्या वेळी कर्नलला जे पॅरामीटर देतात त्या ओळीत पीसीआय=नोएसीपीआय, पीसीआय=नोएमएमकॉन्फ, पीसीआय=रीअलॉक, पीसीआय=असाइन-बसेस असं जे जे सापडलं ते घालून झालंय. ‘नवा कर्नल बस नीट ओळखत नाही, तर कुठल्या आवृत्तीवर परत जाऊ?’

कुठल्याच नाही. आधी ते चारही पॅरामीटर काढा.

काढायला सांगतोय कारण ते आता नुसते निरुपयोगी राहिलेले नाहीत, तुमच्या डोळ्यांवर झापडं बांधतायत. नोएमएमकॉन्फ घातलं की कर्नलला प्रत्येक उपकरणाच्या कॉन्फिगरेशन जागेचे (जिथे त्याची ओळख आणि स्थिती नोंदलेली असते) पहिले २५६ बाइटच वाचता येतात. पीसीआय एक्सप्रेसची खरी जागा ४०९६ बाइटांची, आणि चुकांची नोंद ठेवणारं एईआर त्या पहिल्या २५६ च्या पलीकडे राहतं. म्हणजे लिंकवर काय बिघडलं हे सांगणारा एक मोठा साक्षीदार तुम्ही स्वतःच बाहेर काढलात. नोएसीपीआयमुळे तर इंटरप्टची वाटणीही कर्नलला अंदाजाने करावी लागते. उद्या कार्ड दिसायला लागलं आणि इंटरप्ट येईनात, तर त्याचा माग काढताना पुन्हा दोन दिवस जातील.

(आज्ञा आणि पर्याय मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ते रोमनमध्ये टाकायचे, हे सांगायला नको.)

‘डिटेक्ट होत नाही’ या तक्रारीत मला निदान चार वेगळी दुखणी भेटली आहेत. कधी कार्ड आणि पोर्ट यांच्यातली लिंकच उभी राहिलेली नसते. कधी लिंक असते, पण कर्नल बसवरच्या उपकरणांची जी शिरगणती करतो तिच्यात नाव येत नाही. कधी नाव येतं, पण कार्डाला हवी तेवढी मेमरी खिडकी मिळत नाही. आणि कधी सगळं मिळालेलं असतं, फक्त ड्रायव्हर चिकटलेला नसतो. चौघांवरचे इलाज एकमेकांना लागू पडत नाहीत. तुमचं दुखणं पहिलं आहे असं मला जवळजवळ नक्की वाटतं. पण ते तसं का वाटतं हे कळायला कर्नल ही शिरगणती करतो कशी, ते पाहावं लागेल.

एक्स८६ वर जुनी पद्धत अशी: सीएफ८ या पोर्टवर पत्ता लिहायचा (बस, उपकरण, फंक्शन, रजिस्टर) आणि सीएफसी या पोर्टवरून उत्तर वाचायचं. नवी पद्धत म्हणजे ही सगळी जागा मेमरीत एका सलग पट्ट्यात मांडलेली असते आणि तो पट्टा कुठे आहे ते फर्मवेअर (बोर्डावरचा बायोस किंवा यूईएफआय) एसीपीआयच्या, म्हणजे बोर्डाची माहिती कर्नलला देणाऱ्या तक्त्यांपैकी, एमसीएफजी या तक्त्यात सांगतं. २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ उपकरणं, प्रत्येकाची ८ फंक्शनं (एकाच उपकरणातले स्वतंत्र भाग), प्रत्येकाला ४ केबी. गुणाकार करा, बरोबर २५६ एमबी येतो. बूटच्या सुरुवातीच्या नोंदींत एमएमकॉन्फिगची (अगदी नव्या कर्नलमध्ये ईसीएएमची) ओळ दिसते तो हा पट्टा.

दोन्ही पद्धतींत पहिला प्रश्न एकच असतो: तुझा व्हेंडर आयडी, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, काय? इंटेलचं उपकरण ८०८६ म्हणतं, झायलिंक्सचं १०ईई. दाराआड कोणी नसेल तर एक्स८६ वर एरर येत नाही, उत्तरात सगळेच्या सगळे एफ येतात. कर्नल ते पाहतो, घर रिकामं समजतो आणि पुढच्या दाराकडे जातो. तक्रार नाही, इशारा नाही, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, एक अक्षर नाही. म्हणून ‘कर्नलने काही एरर दिली नाही’ याचा अर्थ ‘कर्नलला कार्ड सापडलं’ असा तर नसतोच, पण ‘कर्नलचं चुकलं’ असाही नसतो.

या शिरगणतीत दोन नियम आहेत आणि घरचं कार्ड बनवणारे त्यांत हमखास अडकतात. एक, फंक्शन शून्य हा घरचा कर्ता. त्याने दार उघडलं नाही तर आत आणखी सातजण असले तरी कर्नल विचारत नाही. त्याने उघडलं आणि हेडर टाइपचा सर्वांत वरचा बिट चढवलेला नसला, तरी बाकीच्यांना कोणी विचारत नाही. दोन, एक्सप्रेसच्या पोर्टखाली एकच उपकरण असणार हे गृहीत धरून कर्नल फक्त उपकरण क्रमांक शून्य तपासतो. ३१ पर्यंतचे सगळे तपासायला लावायचे तर पीसीआय=पीसीआयई_स्कॅन_ऑल असा पॅरामीटर आहे. तुमचं कार्ड रीबूटनंतर दिसतं, म्हणजे या दोन्ही परीक्षांत ते पास आहे.

जाता जाता एक गंमत. सीएफ८ ची पद्धत खरंच चालतेय का, हे पडताळायला कर्नलच्या कोडमध्ये एक छोटं फंक्शन आहे. शून्याव्या बसवर होस्ट ब्रिज किंवा व्हीजीए दिसतं का, निदान इंटेल किंवा कॉम्पॅकचं काही दिसतं का, एवढंच ते पाहतं. बायोसची तारीख २००१ किंवा त्यानंतरची असेल तर तेवढंही न पाहता ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतं. तेव्हा ‘कर्नल पीसीआय बसच ओळखत नाही’ ही तक्रार आजच्या पीसीवर शब्दशः खरी असणं फार दुर्मीळ. तसं असतं तर बूटच्या सुरुवातीलाच कॉन्फिग जागा वाचण्याचा मार्गच सापडला नाही अशी ठणठणीत ओळ आली असती, आणि बहुधा डिस्कही दिसली नसती. बस ओळखलीय. बसवरचं तुमचं एक दार उघडलेलं नाही.

आता मूळ मुद्दा, सकाळ आणि रीबूट.

‘सकाळी’ म्हटल्यावर अर्ध्या लोकांच्या मनात दमट हवा, थंड पडलेला सोल्डर जॉइंट, एसी असं काही येतं. ते आधी खोडून काढू. दुपारी दोन वाजता, मशीन चांगलं तापलेलं असताना, ते शटडाउन करा, मागचा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा चालू करा. कार्ड गायब झालं तर हवामानाचा संबंध संपला. फरक आहे तो वीज जाण्याचा.

वीज गेली की एफपीजीएच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. ती चिप जन्मतः कोरी असते. दर वेळी वीज आली की शेजारच्या फ्लॅशमधून आपली बिटस्ट्रीम, म्हणजे सर्किटचा आराखडा, ओढून घेते आणि मगच तिच्यात पीसीआय एक्सप्रेसचा ब्लॉक जिवंत होतो. तोवर ती लिंकवर काहीही बोलू शकत नाही. रीबूटमध्ये मात्र वीज जात नाही. स्लॉटवरचा पर्स्ट हा रीसेट सिग्नल तेवढा ओढला जातो, एक्सप्रेसचा ब्लॉक रीसेट होतो, बिटस्ट्रीम जागेवर राहते. म्हणून रीबूटला कार्ड तयार बसलेलं असतं. (काही कार्डांत डिझाइन करणाऱ्याने पर्स्ट सरळ चिपच्या प्रोग्रॅम पिनला (बिटस्ट्रीम पुन्हा भरायला लावणाऱ्या) जोडलेला असतो. ती कार्डं रीबूटलाही दिसत नाहीत. तुमचं तसं नाही, हे नशीब.)

मानक काय सांगतं ते पाहा. वीज स्थिर झाल्यावर पर्स्ट किमान १०० मिलिसेकंद दाबून ठेवायचा. तो सुटल्यावर २० मिलिसेकंदांच्या आत कार्डाने लिंक जुळवायला सुरुवात करायची. म्हणजे वीज स्थिर झाल्यापासून १२० मिलिसेकंद हे तुमचं भांडवल. प्रत्यक्षात बहुतेक पीसी बोर्ड याहून कितीतरी जास्त वेळ देतात, पण त्यावर हक्क सांगता येत नाही. जुना बोर्ड मेमरी मोजायचा, लोगो दाखवायचा, डिस्कची वाट पाहायचा. तेवढ्या वेळात कार्ड आरामात उठून बसायचं. नवा बोर्ड फास्ट बूटवाला. त्याने दार ठोठावलं तेव्हा तुमचं कार्ड अजून अंथरुणातच होतं.

आकडा काढून पाहू, कारण इथे आकडाच निकाल देतो. १००टी ची बिटस्ट्रीम सुमारे ३ कोटी ६ लाख बिटांची असते. विवाडो या झायलिंक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशनचा वेग न बदलता तसाच ठेवला तर तो ३ मेगाहर्ट्झ असतो, आणि फ्लॅशची रुंदी एक बिट. भागाकार केला तर दहा सेकंद! मी अशी कार्डं पाहिली आहेत, बाजारात विकली गेलेली. ५० मेगाहर्ट्झ आणि एक बिट केलं तर ०.६ सेकंद. ५० मेगाहर्ट्झ आणि चार बिट केलं तर सुमारे १५३ मिलिसेकंद. त्यात चिपचा स्वतःचा पॉवर-ऑन रीसेट धरा, तो दहा-वीस-तीस मिलिसेकंद खातो. शिवाय हे घड्याळ चिपच्या पोटातल्या ऑसिलेटरचं असतं आणि ते ५० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. कागदावरचे ५० मेगाहर्ट्झ तुमच्या हातातल्या चिपमध्ये २५ असू शकतात. म्हणूनच दहा कार्डांपैकी सात दिसतात आणि तीन दिसत नाहीत असले भुताटकीचे प्रकार होतात.

मग कर्नल थांबत का नाही? थांबतो की. एखादं उपकरण ‘आलोच, जरा थांबा’ असं ठरावीक उत्तर देऊ शकतं. तेव्हा व्हेंडर आयडीच्या जागी ०००१ दिसतं आणि कर्नल त्याच्यासाठी तब्बल ६० सेकंद दाराशी उभा राहतो. पण ‘आलोच’ म्हणायलासुद्धा लिंक लागते. कोरी एफपीजीए तेवढंही म्हणू शकत नाही.

इथपर्यंतचं सगळं माझं अनुमान आहे. ते पुराव्यानिशी पक्कं करायला तीन गोष्टी करा.

पहिली, कर्नलला खटल्यातून बाहेर काढा. मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि लिनक्सकडे जाऊच देऊ नका, यूईएफआय शेलमध्ये थांबा. तिथे पीसीआय नावाचीच आज्ञा आहे, ती सगळी यादी काढते. तिथेही १०ईई दिसलं नाही तर लिनक्सचा अजून जन्मसुद्धा झालेला नसताना कार्ड गायब आहे. आता कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, रीसेट होऊ द्या, पुन्हा त्याच शेलमध्ये या आणि तीच आज्ञा द्या. या वेळी दिसलं, तर कर्नलच्या आवृत्तीवरची चर्चा संपली. शेल नसेल तर जुन्या कर्नलची लाइव्ह पेनड्राइव्ह नव्या बोर्डावर कोल्ड बूट करा, निष्कर्ष तोच निघेल. बोर्ड आणि कर्नल एकाच दिवशी बदलणं हीच खरं तर या प्रकरणातली पहिली चूक. पण कारखान्यात बंद मशीन एकदाच हाती लागतं हे मलाही माहीत आहे.

दुसरी, कार्ड गायब असताना रूट होऊन (सगळे अधिकार घेऊन) एलएसपीसीआयला टी हा पर्याय द्या, म्हणजे झाड दिसेल. तेच रीबूटनंतर करा आणि दोन्ही झाडं शेजारी ठेवा. इंटेलच्या बोर्डावर चिपसेटचे रूट पोर्ट बहुधा ००:१सी.० पासून पुढे असतात. नुसतं कार्ड गायब आहे की ज्या पोर्टखाली ते लोंबतं तो पोर्टही गायब आहे, एवढं बघा. पुष्कळ बायोस ज्या पोर्टवर लिंक मिळाली नाही तो पोर्टच झाकून टाकतात, वीज वाचवायला. पोर्ट झाकलेला असेल तर लिनक्समधून हजारदा रीस्कॅन केलंत तरी काही होणार नाही. ज्या खोलीला दारच नाही तिचं दार कोण ठोठावणार? असाइन-बसेस आणि रीअलॉक तुमच्याकडे फुकट गेले त्याचं कारण माझ्या मते हेच.

पोर्ट दिसत असेल तर त्याच पोर्टवर तीन व्ही देऊन सविस्तर माहिती काढा. रूट नसाल तर क्षमतांच्या जागी परवानगी नाही एवढंच दिसेल, आणि लोक तेच छापून मदत मागतात. त्यात दोन जागा पाहायच्या. स्लॉटच्या स्थितीत ‘प्रेसडेट’ पुढे अधिक आहे की उणे, आणि लिंकच्या स्थितीत ‘डीएलअ‍ॅक्टिव्ह’ पुढे काय आहे. प्रेसडेट अधिक आणि डीएलअ‍ॅक्टिव्ह उणे, म्हणजे कार्ड खाचेत बसलंय पण बोलत नाही. हे तुमचं चित्र असणार. दोन्ही उणे असतील तर आधी स्क्रू काढून कार्ड नीट दाबून बसवा आणि मग पुढचं वाचा. दोन्ही अधिक असूनही यादीत नाव नसेल, तर मात्र मी माझं सगळं अनुमान मागे घेतो आणि गोष्ट खरंच शिरगणतीपाशी येते. मग ब्रिजच्या बस क्रमांकांचा घोळ शोधायचा. ब्रिजचं कॉन्फिगरेशन अवैध, पुन्हा मांडतोय, अशा अर्थाची ओळ डीमेसेजमध्ये आहे का पाहायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत खात्रीची, स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटवर पर्स्ट ए११ या पिनवर असतो. एक प्रोब तिथे, दुसरा एफपीजीएच्या डन पिनवर (बिटस्ट्रीम भरून झाली की ती वर जाते), तिसरा ३.३ व्होल्टवर. ट्रिगर ३.३ च्या चढत्या कडेवर. मशीन चालू करा. डन वर जाण्याआधी पर्स्ट सुटलेला दिसला की प्रकरण उघड झालं. स्कोप हाताशी नसेल तर कार्डावरचा डनचा दिवा आणि मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा. हसू नका, एका मशीनवर मी निदान त्यावरच केलं होतं. दिवा लागायला सेकंदाहून जास्त वेळ घेत होता, त्याला स्कोप कशाला हवा?

इलाज. कार्ड घरचं असल्याने खरा इलाज तुमच्याच हातात आहे: बिटस्ट्रीम पुन्हा बनवा. चार बिट रुंदी, वेग फ्लॅशला झेपेल तेवढा वर, कॉम्प्रेशन चालू. डिझाइन चिपच्या निम्म्यात मावत असेल तर कॉम्प्रेशनने बिटस्ट्रीम बरीच लहान होते. पोटातल्या ऑसिलेटरऐवजी बाहेरचं घड्याळ वापरायची सोय कार्डावर ठेवली असेल तर ते वापरा, मग ५० टक्क्यांची ती अनिश्चितता जाते. फ्लॅशमध्ये चार बिटांचा मोड चालू करायला विसरू नका. ते विसरलं की चिप कधीच उठत नाही, आणि मग जेटॅग केबल (चिपशी थेट बोलणारी) शोधत फिरावं लागतं. मोठ्या चिपांसाठी टँडम नावाची सोय आहे, आधी एक्सप्रेसचा ब्लॉक भरायचा आणि बाकीचं सावकाश. तुमच्या आकाराला तिची गरज पडू नये.

बिटस्ट्रीम बदलायला मंजुरी मिळत नसेल (मिळत नाही, मला माहीत आहे, प्रमाणपत्र पुन्हा घ्यावं लागतं) तर फर्मवेअरकडे वळा. फास्ट बूट बंद करा. औद्योगिक बोर्डांवर बहुधा प्रत्येक पोर्टसाठी हॉटप्लग (चालू मशीनमध्ये कार्ड जोडता येणं) नावाची निवड असते, ती त्या पोर्टपुरती चालू करा. त्याचे दोन फायदे. रिकामा दिसला तरी बायोस तो पोर्ट झाकत नाही. आणि लिंक नंतर उभी राहिली की कर्नलचा पीसीआयईएचपी ड्रायव्हर ते टिपतो आणि कार्ड आपणहून यादीत येतं. डीमेसेजमध्ये ‘स्लॉट, लिंक अप’ अशी ओळ दिसेल.

इथे पुढचा खड्डा आहे, म्हणून थोडं थांबतो. कार्ड उशिरा आलं तर त्याच्या मेमरीसाठी पोर्टवर आधीच जागा राखलेली असावी लागते. बायोसने ती राखली नसेल आणि कर्नलवर सोडली, तर हॉटप्लगच्या पोर्टासाठी कर्नल ठरलेली २ एमबी धरतो. तुमच्या कार्डाचा बार, म्हणजे त्याची मेमरी खिडकी, समजा ६४ एमबीची आहे. ती बसणार नाही. मग कार्ड यादीत दिसेल, पण ‘बार ०, जागा नाही, देता येत नाही’ अशा अर्थाची ओळ येईल आणि ड्रायव्हर सुरू होताना पडेल. तुम्ही म्हणाल, डिटेक्ट तर झालं! तक्रार पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर सरकली. रीअलॉक खरं इथे कामाचा. हॉटप्लगची मेमरी वाढवणारा पीसीआय=एचपीएमएमआयओसाइझ=६४एम, आणि जोडीला रीअलॉक. तोच पॅरामीटर, जो तुम्ही चुकीच्या पायरीवर वापरून बदनाम केलात.

हॉटप्लगची निवडच नसेल पण पोर्ट दिसत असेल, तर बूटनंतर सिसएफएसमधून (कर्नल आपली उपकरणं फाइलींसारखी मांडतो तिथून) रीस्कॅनमध्ये १ लिहिणारी छोटी सिस्टमडी सेवा चालते. नुसत्या रीस्कॅनने जागा मिळाली नाही तर आधी पोर्टच्या फोल्डरमधल्या रिमूव्हमध्ये १ लिहायचा, मग रीस्कॅन, म्हणजे खिडकी नव्याने आखली जाते. फक्त त्याच पोर्टखाली तुमची डिस्क किंवा नेटवर्क नाही ना, हे झाडात दोनदा पाहा. मी एकदा पाहिलं नव्हतं. एसएसएच (दुरून जोडलेलं टर्मिनल) जागच्या जागी गोठलं आणि मला दोन मजले उतरून सर्व्हरपाशी जावं लागलं.

आणि पोर्टही झाकलेला, बायोसमध्ये निवडही नाही, बिटस्ट्रीमही बदलता येत नाही, तर उरतो तो गावठी उपाय: बूटला १०ईई दिसलं नाही तर एकदा आपोआप रीबूट. मी हे केलेलं आहे, लपवत नाही. पण ‘एकदा’ या शब्दाची मोजणी डिस्कवर कुठेतरी ठेवा. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी ती ठेवली नव्हती. पहाटे तीनला फोन आला, ‘साहेब, मशीन सारखं आपलं आपण बंद-चालू होतंय, भूत लागल्यासारखं.’ संध्याकाळच्या पाळीने कार्ड दुरुस्तीला काढून नेलं होतं आणि माझी स्क्रिप्ट रात्रभर ते शोधत होती. सकाळी जर्नलमधून बूटची यादी काढली तर तीन पडदे भरले.

तुमच्यासारखंच दिसणारं पण वेगळं असलेलं दोन-तीन प्रकारचं दुखणं इथेच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी हेच इलाज एनव्हीएमईवर (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणाऱ्या एसएसडी डिस्कवर) करून बसेल. लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क बायोसला दिसते आणि लिनक्सला नाही, याचं कारण बहुतेक वेळा इंटेलचा रेड मोड किंवा व्हीएमडी असतं. डिस्क कंट्रोलरच्या मागे लपवलेली असते. रेड मोडमध्ये एएचसीआय ड्रायव्हर डीमेसेजमध्ये स्वच्छ सांगतो की रीमॅप केलेली एनव्हीएमई सापडलीय, बायोस रेडवरून एएचसीआयवर घ्या. ती ओळ कोणी वाचत नाही. व्हीएमडी असेल तर कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर हवा. आणि एम.२ खाचेत बसली म्हणजे ती एनव्हीएमईच, असंही नाही. कडेला दोन खाचा कापलेली साटा एसएसडी फक्त पीसीआयईच्या सॉकेटमध्येही व्यवस्थित बसते आणि मग जन्मभर दिसत नाही.

उपकरण आधी होतं आणि चालता चालता गेलं, हा वेगळा आजार. तेव्हा एलएसपीसीआयमध्ये नाव राहतं, पण रिव्हिजन एफएफ आणि हेडरचा प्रकार अनोळखी, ७एफ, असं काहीतरी येतं. नाव कर्नलच्या वहीत आहे, माणूस घरात नाही. तिथे वीज, तापमान आणि पोर्टची झोप हे संशयित. पीसीआयई_एएसपीएम=ऑफ आणि पीसीआयई_पोर्ट_पीएम=ऑफ एकेक करून घालायचे, दोन्ही एकदम नाही.

एआरएमच्या बोर्डांवर मात्र कर्नलवरचा संशय रास्त असतो, कारण तिथे बऱ्याचदा आधी शिरगणती करणारं फर्मवेअर नसतंच. घड्याळ, रेग्युलेटर, रीसेटचा जीपीआयओ हे सगळं डिव्हाइस ट्रीवरून (बोर्डावर काय कुठे आहे त्याच्या वर्णनावरून) कर्नलनेच चालू करायचं. रीसेटची पातळी उलटी लिहिली, वर सक्रिय की खाली सक्रिय यात गफलत झाली, की कार्ड कायम रीसेटमध्ये राहतं आणि ‘फाय लिंक नेव्हर केम अप’ एवढीच ओळ मिळते. माझ्याकडे आलेल्या अशा बोर्डांत ही गफलत सगळ्यांत जास्त वेळा निघाली. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे कंट्रोलरचा प्रोब (ड्रायव्हर उपकरण हाती घेतो तो टप्पा) उणे ५१७, म्हणजे ‘नंतर पाहू’, देऊन पुढे ढकलला जातो आणि कायमचा ढकललेलाच राहतो. डीबगएफएसमध्ये डिव्हाइसेस_डिफर्ड नावाची फाइल आहे, तिच्यात तो कोणाची वाट पाहतोय ते दिसतं. आणि एक्स८६ ची सवय घेऊन तिथे जाऊ नका. काही एआरएम चिपांवर लिंक नसताना कॉन्फिग जागा वाचली तर एफ येत नाहीत, अख्खा कर्नल कोसळतो.

ड्रायव्हरच्या पायरीवर थोडक्यात: बिटस्ट्रीम नव्याने बनवताना एक्सप्रेसचा ब्लॉक पुन्हा जनरेट केलात तर डिव्हाइस आयडी मूळपदावर जाऊ शकतो, मग तुमचा ड्रायव्हर कार्डाला ओळखणार नाही. दोन एन देऊन काढलेल्या यादीतला आयडी आणि ड्रायव्हरच्या तक्त्यातला आयडी जुळवून पाहा. नव्या बोर्डावर सिक्युअर बूट चालू असेल तर घरच्या ड्रायव्हरची सहीही लागेल.

आता तुम्ही काय करायचं. चारही पॅरामीटर काढून एक कोल्ड बूट आणि एक रीबूट घ्या. दोन्हींचा पूर्ण डीमेसेज, वेळेचे आकडे गाळून, शेजारी ठेवा. दोन्हींची झाडं. गायब असतानाची यूईएफआय शेलची यादी, मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल. विवाडोच्या प्रोजेक्टमधून कॉन्फिगरेशनचा वेग आणि फ्लॅशची रुंदी या दोन ओळी. त्या ओळी फाइलमध्ये सापडल्याच नाहीत तर स्कोप लावायच्या भानगडीत पडू नका: तुमचं कार्ड ३ मेगाहर्ट्झवर, एका तारेवरून, दहा सेकंद घेऊन उठतंय.